दाराकडे वळलेल्या सपाता

४ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे. बिश्केकहून अकरा तास. त्यातले शेवटचे तीन तास आपा एका हाताने पुढची सीट आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट घट्ट धरून बसली होती. चालक दर वळणावर मान मागे वळवून गप्पा मारायचा. आपाने त्याला शेवटी सांगितलं की बाबा रे, माझी लेक डॉक्टर आहे हे खरं, पण ती अजून कामावर रुजू व्हायची आहे, तेव्हा रस्त्याकडे बघ.

सारी-बेल म्हणजे दोन रस्ते, एक बाजार, एक मशीद आणि समोरच्या टेकडीवर कबरस्तान. पण इस्पितळ मात्र तीन मजली! सरकारी करारातली तीन वर्षं इथे काढायची म्हणून मैत्रिणी हळहळत होत्या. मी खूश आहे. राजधानीत राहिले असते तर दहा वर्षं कुणाच्या तरी हाताखाली फायली उचलल्या असत्या. इथे पहिल्या दिवसापासून एक अख्खा विभाग माझा.

इस्पितळामागे दोन खोल्या मिळाल्यात, शेगडी चांगली धगधगते. आपाने आल्या आल्या बटाटे घालून मटण चढवलं. दीड तास झाला तरी बटाटे कडकच. तीन हजार मीटर उंचीवर पाणी लवकर उकळतं पण शिजवत नाही, हे तिने शाळेत तीस वर्षं भूगोलाच्या तासाला शिकवलं होतं, आणि आज बटाट्यांनी तिचीच परीक्षा घेतली. आम्ही ते कच्चे बटाटे हसत हसत खाल्ले. बाबांनी तिला लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात घेतलेली बोकडाच्या लवेची करडी शाल तिने दाराजवळच्या खुंटीवर टांगली, आणि म्हणाली की झालं, आता हे आपलं घर.

७ ऑक्टोबर

माझा विभाग सगळे ‘मधला वॉर्ड’ म्हणतात. वरच्या मजल्यावर अतिदक्षता, खालच्या मजल्यावर साधा वॉर्ड, मध्ये आम्ही आठ खाटांचे. जो वर पाठवण्याइतका वाईट नाही आणि खाली सोडण्याइतका बरा नाही, तो आमचा. वर खाटा दोनच आणि श्वासाचं यंत्र एकच. त्यामुळे कोण सुधारणार, कोण बिघडणार आणि कोणाच्या बाबतीत यंत्र लावूनही उपयोग नाही, हे आधीच ओळखणं हेच माझं खरं काम.

त्यासाठी मी राजधानीहून तक्ता आणलाय, जाड कागदावर छापलेला. श्वास, नाडी, रक्तदाब, ताप, शुद्ध, रक्तातला प्राणवायू, या प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. नाकाला प्राणवायूची नळी असेल तर आणखी दोन. बेरीज पाचापर्यंत असेल तर माणूस खाली जाईल. सहा ते नऊ असेल तर आमच्याकडे राहील. दहा किंवा त्यापुढे गेला की आशा सोडावी. मोठे डॉक्टर ओमुरकुल बाइके, म्हणजे ओमुरकुलदादा, तक्ता बघून इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्या कपाटातली नवी हिरवी वही काढून दिली. रोज सकाळी आकडे तिच्यात लिहायचे.

मुख्य परिचारिका कलीपा एजे, म्हणजे सगळ्यांची कलीपाताई, मात्र तक्त्याकडे बघून नुसती हसली. साठीची बाई, कमरेला पट्टा बांधलेला, चालताना गुडघे करकरतात. सकाळचा चहा झाला की ती रुमालावर एक्केचाळीस चवळीचे दाणे मांडते, तीन ओळीत, आणि खाटांवरच्या माणसांचं काय होणार ते बघते. मी म्हटलं, एजे, लावायची का पैज, तुमचे दाणे की माझा तक्ता? ती म्हणाली की दाण्यांना पैज आवडत नाही, ते रुसतात.

१६ ऑक्टोबर

आज इथली एक रीत कळली. लिहून ठेवते.

तीन नंबरच्या खाटेवरच्या बाईंचा आकडा काल अकरा झाला. त्यांच्या मुलांना कसं सांगावं याची मी सकाळभर मनात उजळणी करत होते. कलीपा एजेने मला अडवलं. असं तोंडाने सांगत नाहीत म्हणाली, आपल्यात तरी नाही. मग ती खाटेशी गेली, कमरेवर हात ठेवून हळूच वाकली आणि बाईंच्या सपाता वळवल्या. एरवी सगळ्या रोग्यांच्या सपाता खाटेखाली भिंतीकडे तोंड करून असतात. त्या तिने दाराकडे तोंड करून ठेवल्या. बस, एवढंच.

मुलं आली. थोरल्याने खाटेखाली बघितलं, धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं गाडी ठरवायला गेले. दुपारी नळी काढून, रजयांत गुंडाळून आईला घरी नेलं. परक्या छपराखाली जीव जाऊ नये म्हणतात. संध्याकाळी निरोप आला की त्या गेल्या.

आकडा बरोबर निघाला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण त्याखाली एक छोटासा आनंदही होता.

५ नोव्हेंबर

थंडी उणे अठरा. जमीन लोखंडासारखी झाली आहे. आता मला कळलं, हिवाळ्यात लोक माझ्या हिरव्या वहीसाठी एवढे का ताटकळतात. दफन लवकर उरकायचं असतं आणि या दिवसांत कबर खणायला दोन दिवस लागतात. आधी जुने टायर आणि शेणाच्या गोवऱ्या पेटवून माती मऊ करायची, मग कुदळ, पुन्हा आग, पुन्हा कुदळ. म्हणून माणूस जिवंत असतानाच खणायला लागतात. कालच एका सुनेने दारात गाठून विचारलं की डॉक्टरबाई, आज पेटवू की उद्या? मी वही बघून सांगितलं, आज.

आतापर्यंत दहा आणि पुढचे चौदा. चौदाच्या चौदा बरोबर. ओमुरकुल बाइके म्हणाले, या हिवाळ्यात आपल्या इस्पितळात एकही मृत्यू नाही, जिल्ह्यात आपलाच नंबर पहिला. ते राजधानीला अहवाल पाठवणार आहेत, माझ्या नावासकट. आपाला सांगितलं तर ती म्हणाली, लोक मेले आणि तुला शाबासकी मिळाली, कमाल आहे. मग मला वाईट वाटलंसं दिसल्यावर तिने माझ्या पुढ्यात लोण्याची वाटी सरकवली.

२१ नोव्हेंबर

आठ नंबरवर तुर्दुबाय आजोबा आहेत. वय शहात्तर, उन्हाळाभर वरच्या कुरणात मेंढ्या राखणारे. त्यांच्या आईची आधीची चार मुलं गेली, म्हणून पाचव्याचं नाव तिने तुर्दुबाय ठेवलं, राहिलेला. हे त्यांनी स्वतःच मला दोनदा सांगितलं. घोड्यावरून पडून बरगड्या मोडल्यात, थोडा ताप आहे. माणूस गमत्या. सुई टोचली तर म्हणतात की माझी मेंढरं तुझ्यापेक्षा शहाणी, ती निदान आधी हुंगतात.

आकडा दहा आला. पुन्हा बेरीज केली, तरी दहाच. कलीपा एजेने आपले दाणे मांडले आणि बराच वेळ बघत राहिली. दाणे वेगळंच बोलतायत म्हणाली. मी वहीवर बोट ठेवलं. एकवीसपैकी एकवीस, एजे. ती उठली, वाकली, सपाता वळवल्या. आजोबांनी त्या बघितल्या आणि उशाजवळची टोपी डोक्यावर चढवली.

मुलगा कुबात संध्याकाळी त्यांना घेऊन गेला.

२९ नोव्हेंबर

नीट लिहायचा प्रयत्न करते.

आज सकाळी तुर्दुबाय आजोबा आले. चालत. घोडा फाटकाला बांधून जिना चढून मधल्या वॉर्डात आले, टोपी काढली आणि म्हणाले की पोरी, मी मेलो नाही, त्याचं काय करायचं ते बघ. सूनबाईने मेंढीच्या शेपटीची चरबी आणि गरम दूध पाजलं, तीन दिवस घाम काढला, चौथ्या दिवशी उठून बसले. दम म्हणून नाही.

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि बोटाला चिमटा लावला, रक्तातला प्राणवायू मोजायचा. अठ्ठ्याऐंशी. माझ्या तक्त्याप्रमाणे ब्याण्णवच्या खाली तीन गुण आणि वर नळी लावली पाहिजे म्हणून आणखी दोन. म्हणजे हा घोड्यावरून आलेला, खुर्चीत बसून सुकं दही चघळणारा माणूस पाच गुणांचा रोगी.

मग मी तो चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. नव्वद. कलीपा एजेच्या बोटाला लावला. एकोणनव्वद. झाडणाऱ्या बाईच्या, खालच्या चौकीदाराच्या. सगळे नव्वदच्या आसपास. इथली हवाच विरळ आहे. इथली सगळी माणसं धडधाकट असताना अशीच असतात.

तक्ता खालच्या लोकांसाठी छापलेला आहे. समुद्राकाठच्या. आपाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की इथे पाणी उकळतं पण शिजवत नाही, आणि मी बटाटे खात हसले होते.

३० नोव्हेंबर

हिरवी वही घेऊन दिवसभर बसले. ज्यांना खरंच न्यूमोनिया होता त्यांचे गुण तसेच ठेवले. बाकीच्यांचे पाच पाच वजा केले.

एकवीस जण घरी जाऊन गेले. त्यातले नऊ दहाच्या खाली येतात. दोन तर पाचवर येतात. पाच म्हणजे साधा वॉर्ड. पाच म्हणजे आठवड्याने घरी, आपल्या पायांनी.

ते का गेले? मी सांगितलं म्हणून. नळी काढली, सलाइन काढलं, रजयांत गुंडाळून उणे वीसमध्ये खिंडीपार नेलं, घरी रडणारी माणसं जमलेली आणि अंगणात टायर पेटलेले. कोण वाचेल यातून? मी भविष्य सांगत नव्हते. मी हुकूम देत होते.

ओमुरकुल बाइकेंना सांगितलं. त्यांनी दार लावलं, मला चहा दिला आणि म्हणाले की अहवाल गेलाय, पुढच्या वर्षी तक्ता बदलू. कलीपा एजेला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, रागावली नाही. आपल्या पट्ट्यावर हात ठेवून एवढंच म्हणाली, “पोरी, आम्ही अख्ख्या हिवाळ्यात दोनतीन जोड्या वळवायचो. तू आल्यापासून वाकून वाकून माझी कंबर मोडली. मला वाटलं, शिकलेली आहेस, तुला दिसत असेल.”

१ डिसेंबर

कुबात घरी आला होता, सोबत आणखी दोघं. टोप्या हातात, नजर खाली. बापासाठी खणलेली कबर तशीच उघडी आहे म्हणाले. खणलेली कबर रिकामी ठेवत नाहीत, नुसती बुजवतही नाहीत. ती भरून घेते. म्हणून पॉप्लरचा ओंडका कापडात गुंडाळून पुरायचा. पण ते कापड ज्याच्या शब्दावरून कबर खणली त्याच्या घरचं हवं.

मी दोन रात्री झोपले नव्हते. नऊ नावं डोक्यात घणासारखी आदळत होती, आणि हे ओंडक्याबद्दल बोलत होते. माझं टाळकं सटकलं. दाराजवळ खुंटीवर हात गेला, जे हाताला लागलं ते ओढलं आणि त्यांच्या अंगावर फेकलं. घ्या, पुरा, आणि मला झोपू द्या. कुबातने ते दोन्ही हातांनी झेललं, कपाळाला लावलं आणि निघून गेला.

४ डिसेंबर

आपाने विचारलं, माझी शाल कुठाय?

मी खुंटीकडे बघितलं. खुंटी रिकामी होती. माझा काळा स्कार्फ खाली जमिनीवर पडलेला होता, तीन दिवसांपासून. करडी शाल नाही. बाबांनी दिलेली, बोकडाच्या लवेची.

मी म्हटलं, धुवायला दिली. आपा म्हणाली की इतक्या थंडीत कुणी शाल धुवायला देतं का, डॉक्टर झालीस पण अक्कल बिश्केकलाच ठेवून आलीस. म्हणता म्हणता ती खोकली. मग थांबून पुन्हा खोकली.

मी शिकलेली बाई आहे. ओंडक्यावर माझा विश्वास नाही. नाही.

६ डिसेंबर

आपाला भरती केलं. चार नंबरची खाट. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा अर्धा भाग पांढरा दिसतोय. ताप एकोणचाळीस.

तक्ता मी परवाच शेगडीत घातला. पण आकडे डोक्यातून जात नाहीत. माणसाकडे बघितलं की बेरीज आपोआप सुरू होते. चौकीदार सहा. झाडणारी पाच. आपाकडे मी बघतच नाही. तिचा हात धरून भिंतीकडे बघते. तिने विचारलं की भिंतीला काय न्यूमोनिया झालाय का.

८ डिसेंबर

आज सकाळी आपाच्या सपाता दाराकडे वळलेल्या.

मी कलीपा एजेवर ओरडले, सगळ्या रोग्यांसमोर. तिने दोन्ही हात वर करून दाखवले. आपल्या नातवंडांची शपथ घेऊन म्हणाली की मी हात लावलेला नाही, आणि तुझ्या आईच्या सपाता मी मरेपर्यंत वळवणार नाही. मी त्या भिंतीकडे केल्या. दुपारचं सूप घेऊन आले तर पुन्हा दाराकडे.

सपाता उचलून माझ्या कपाटात कुलपात ठेवल्या. आता खाटेखाली काही नाही. पण ज्याने बघायचं त्याने बघितलं आहे. कॉरिडॉरमधले लोक मला वाट करून देतात आणि आवाज खाली आणतात.

९ डिसेंबर

बघितलं शेवटी. बेरीज झाली. उंचीचे सगळे गुण वजा करूनही अकरा.

वरचं यंत्र एका बाळंतिणीला लावलंय. ते काढा असं मी ओमुरकुल बाइकेंना म्हणाले. हो, मी म्हणाले असं. लिहून ठेवते, म्हणजे मला कुणी चांगली म्हणू नये. त्यांनी ऐकलं नाही, बरं झालं. ती बाई तेवीस वर्षांची आहे.

खिडकीतून टेकडी दिसते. तिथे धूर आहे. काळा, टायरचा. मी चौकीदाराला विचारलं, आज कुणाचं? तो खाली बघून म्हणाला की शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच सुरू केलंय, तुम्ही इथे नवीन, तुमचा पुरुष माणूस कुणी नाही, तुम्हाला कोण खणून देणार? माती एकदा मऊ झालेली जागा तयार होतीच.

चांगुलपणाने करतायत. किती चांगली माणसं आहेत ही.

१० डिसेंबर

तुर्दुबाय आजोबा भर दुपारी मला टेकडीवर घेऊन गेले. मीच बोलावणं पाठवलं होतं. खणणाऱ्यांना त्यांनी चहाला पिटाळलं. वाटेत म्हणाले की ती कबर माझी होती, माझी पाळी चुकली म्हणून हे सगळं, मीच जाऊन निजतो, कसं? मी म्हटलं, आजोबा, नऊ पुरे झाले. ते म्हणाले की नाहीतरी तुझ्या आकड्याला मी एकदा फसवलंय, आता तो मला घेईल असं वाटत नाही.

ओंडका वर काढून ठेवला होता. त्यावर करडी शाल, दोन गाठी. उणे वीसची थंडी, माझ्या पापण्यांवर बर्फ. आणि शाल —

शाल गरम होती. आत्ताच कुणीतरी अंगावरून काढल्यासारखी. तिला आपाचा वास येत होता, सगळ्या मातीतून.

गाठी सोडल्या. माझा पांढरा डॉक्टरी कोट काढला. खिशावर माझं नाव शिवलंय. तो ओंडक्याला गुंडाळला, बटणं लावली. आजोबांनी माझा हात धरला. म्हणाले, “हे करू नकोस, ज्याचं कापड त्यालाच ती कबर ओढते. कापड चुकून गेलं तर गोष्ट वेगळी. तू जाणूनबुजून देतेयस, मग दुसरं कापड देऊन सुटका नाही, माणूसच द्यावा लागतो.” मी म्हटलं, ज्याच्या शब्दावर खणली त्याचंच हवं ना? आहे माझं. आम्ही दोघांनी माती लोटली.

११ डिसेंबर

आकडा आठ.

ताप उतरला. आपाने डोळे उघडले, अंगावरची शाल चाचपली आणि विचारलं, धुतली म्हणालीस ना? मग हिला मातीचा वास कसला?

१२ डिसेंबर

पाच! आपा उठून बसली. कलीपा एजेला दाणे मांडायला लावले आणि तिच्याशी भांडली की ओळ चुकली. दोघी म्हाताऱ्या हसत होत्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. खुदा, तुझे उपकार.

घसा दुखतोय. टेकडीवरचा वारा बाधला असेल.

१३ डिसेंबर

आपाचा आकडा तीन. माझा मोजला नाही.

१४ डिसेंबर

मी पाच नंबरच्या खाटेवर. आपाच्या शेजारी. दोन्ही फुप्फुसं. मीच फोटो बघितला, मीच ओळखलं.

माझ्या सपाता दाराकडे. मी कलीपाला सांगितलं, राहू देत, वळवू नका. ती तोंड फिरवून गेली.

घाबरलेय. खूप. लिहिताना लाज वाटत नाही. मला एकोणतिसाव्या वर्षी जायचं नाहीये. पण आपा शेजारी सूप पितेय, आवाज करत. तो आवाज ऐकला की —

१५ डिसेंबर

बारा.

आपाने तुर्दुबाय आजोबांना बोलावून घेतलं. मला वाटलं, आभार मानायचेत. दोघं खिडकीशी बोलत होते. आजोबा मान हलवत होते, नाही, नाही. आपा काहीतरी विचारत होती, वर्गात विचारायची तसं, उत्तर मिळेपर्यंत. मग आजोबांनी डोळे पुसले.

मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, मेंढ्यांच्या गोष्टी. माझ्या केसांची वेणी घातली. लहानपणी घालायची तशी, घट्ट. म्हणाली, “तुला गणित मीच शिकवलं. वजाबाकी तुझी नेहमीच कच्ची.”

१६ डिसेंबर, सकाळ

तेरा. श्वास पुरत नाही. थोडंच लिहिते.

नंतर

डोळा लागला होता. घाम. अंग हलकं. चिमटा लावला, बेरीज केली — दहा.

चुकलं असेल.

नंतर

आठ. ताप नाही. श्वास — येतोय, पूर्ण येतोय.

खाली बघितलं. माझ्या सपाता भिंतीकडे. कुणी —

चार नंबरची खाट रिकामी. चादर नीट घडी केलेली. आपाच्या सपाता नाहीत. करडी शाल नाही. कलीपाला हाक मारली. ती दारात उभी, तोंडाला रुमाल. येत नाही. माझा पांढरा कोट तिच्या हातात, मातीने भरलेला —

नंतर

सहा

खिडकीत टेकडी. धूर आहे. आग विझलेली, नुसता धूर. खणणारे कोट घेऊन आधीच खाली आले, मग दोन माणसं गेली होती वर, कलीपा म्हणते. एक घोडा. एकच माणूस खाली उतरतोय, घोड्याला लगामाने धरून, वर बसत नाही, टोपी हातात —

पाच. नको. आणखी उतरू नकोस. मोजते पुन्हा. कुणीतरी चिमटा काढा, नळी काढा, मला रजईत गुंडाळून बाहेर नेऊन ठेवा, मी सांगतेय, मी डॉक्टर आहे, मी सांगते ते खरं होतं, बारा लिहा माझ्यापुढे, तेरा लिहा, एजे, सपाता वळवा, तुमच्या पाया पडते, वळवा —

चार

आपा, बटाटे अजून कच्चे आहेत, तू म्हणाली होतीस उन्हाळ्यात आपण

तीन

आप